मधल्या बाईकडून शैलाताईंना

शैलाताई, तुम्ही मला चांगल्याच पेचात टाकून गेलात. गेल्याचं दुःख आहेच. चार वाजता वर्गाच्या मागच्या खोलीत चहाचं पातेलं ठेवते, सवयीने दोन कप पाणी घेते आणि मग एक कप ओतून देते, तेव्हा ते येतं. पण दुःखाबरोबर मला रागही आलाय, आणि तो तुमच्यापासून लपवायचा कशाला? माणूस जाताना मागे राहणाऱ्याला काहीबाही देऊन जातं. कुणी बांगडी देतं, कुणी पितळी डबा देतं. तुम्ही मला निरोप दिलात. तोही तुमच्या भावाला पोचवायचा, आणि तोही असा, की उच्चारायला जावं तर जीभ पोळावी.

ज्यांनी तुम्हाला पाहिलं नाही त्यांना हे कसं कळायचं? तुम्ही आणि जगूभाऊ सख्खे बहीणभाऊ. तुम्ही इकडे बोईसरला, सरावलीत, खोली घेऊन इंग्रजीचे क्लास चालवायच्या. ते माकुणसारला, तुमच्या वडिलांच्या वाडीवर, केळी आणि भाजीत रमलेले. येणं-जाणं होतं, सणवार होते, डबे येत-जात होते. फक्त बोलणं बंद होतं. वर्षानुवर्षं बंद. आणि तुमच्या दोघांच्या मधे सतरंजीवर कोण बसायचं, तर मी! तासगावकडची बाई, नवऱ्याच्या कंपनीपायी इथं आलेली, ना तुमच्या गावची ना गोताची.

सोमवारी वर्ग उघडला. पोरं गप बसली होती. एवढी गप की मला वाटलं रविवारच आहे. मग पुढच्या बाकावरच्या श्वेताने विचारलं, "मॅडम, आता इनडायरेक्ट स्पीच कोण शिकवणार?" म्हणजे बघा, तुमच्या माघारी पोरांना पहिली काळजी कसली पडली! तो धडा तुमचा होता. मी पाचवी ते सातवी घेते, स्पेलिंगं घोकून घेते, पण दहावीच्या त्या धड्याला मी कधी हात लावला नाही. तुम्ही लावू दिला नाहीत म्हणा.

कसा शिकवायच्या तुम्ही तो धडा! पुस्तकात राम श्यामला काहीतरी म्हणतो, आणि ते आपण तिसऱ्याला सांगायचं. का सांगायचं, हे पोरांना काही केल्या उमजायचं नाही. बोबडी वळायची. तुम्ही पुस्तक मिटून टेबलावर ठेवायच्या आणि विचारायच्या, "कुणाकुणाच्या घरी अबोला आहे? हात वर करा." कुणी करायचं नाही. पोरं एकमेकांकडे बघायची. मग तुम्ही स्वतःचा हात वर करायच्या, अगदी सरळ, शाळेतल्या मुलीसारखा. त्यानंतर मागून एक हात यायचा, मग दुसरा, मग निम्मा वर्ग.

"आई बाबांशी बोलत नसली की जेवायला कसं बोलावते?"

"मला सांगते, मॅडम. सांग तुझ्या बापाला, भात झालाय म्हणावं."

"मग येतं की तुला! मदर टोल्ड फादर दॅट द राईस वॉज रेडी. यात अवघड काय आहे?"

बिहारकडची रुबी एकदा उठून म्हणाली होती, "मॅडम, हमारे यहाँ तो दादी सबसे मेरे थ्रू ही बात करती है." तेव्हा सगळा वर्ग खिदळला आणि तुम्ही म्हणालात, मग रुबी तर या विषयाची मास्तरीण झाली. वर्गात दोघींचं भांडण झालं की तुम्ही आधी मिटवायच्याच नाहीत. त्यांना दोन बाजूंना बसवायचं, मधे तिसरी, आणि भांडण इंग्रजीतून चालू. कुणाची पेन्सिल कुणी मोडली हे मधलीने इकडून तिकडे पोचवायचं. अर्ध्यात हसू फुटायचं आणि अबोला तिथंच संपायचा. काय पण तुमची अक्कल, बाई! दुसऱ्यांचे अबोले असे फुंकरीसरशी उडवायच्या.

मी तुमच्याकडे विद्यार्थी म्हणून आलेच नव्हते. माझ्या मुलीला, प्रियाला सोडायला यायचे, आणि घरी जाऊन परत न्यायला येण्यापेक्षा चपलांच्या शेजारी बसून राहायचे. माझं इंग्रजी म्हणजे बिस्किटाच्या पुड्यावरचं. एक दिवस तुम्ही शिकवता शिकवता थांबलात. "सुनीता, तुझे ओठ हलतायत. मोठ्याने म्हण." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळी पोरं वळून बघायला लागली. पण तुम्ही हट्टाला पेटलात ते पेटलातच. मी म्हटलं, चुकीचं म्हटलं, पुन्हा म्हटलं. त्या दिवसापासून चपलांजवळची माझी जागा गेली. आज मला जो काय मान आहे, कंपनीतल्या बायका मला मॅडम म्हणतात, नवरा बँकेतला कागद आधी माझ्यापुढे धरतो, तो सगळा तुमच्या त्या एका हाकेतून आलेला आहे. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. सांगायला गेले असते तर तुम्ही म्हणाला असतात, "पुरे, चहा उतू चाललाय."

तुमच्यातल्या अबोल्याचं कारण मला पहिल्या वर्षी माहीत नव्हतं. भाऊबीज आली. जगूभाऊ केळीचा फणा, भाजीची पिशवी आणि साडीचा बॉक्स घेऊन आले. तुम्ही पाट मांडला, रांगोळी काढली, ओवाळलंत. सगळं यथासांग, आणि तोंडातून शब्द नाही. मी आपली करंज्या तळत होते. मला हाक आली, "सुनीता, जरा इथे बस." मी बसले. मग सुरू झालं.

"सांगा तिला, बारीक झालीय ती. खाते का नाय?"

मी तुमच्याकडे वळून म्हटलं, "ताई, भाऊ विचारतायत, तब्येत कशी आहे."

तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जसं चुकीचं उत्तर देणाऱ्या पोराकडे बघायच्या. "तो असं म्हणाला नाही. काय म्हणाला ते सांग."

आता हातभर अंतरावर बसलेल्या माणसाचं बोलणं! तुमच्या कानांत काय बोळे होते? पण तुम्हाला ते रीतसर पोचायला हवं होतं. मी निमूटपणे सांगितलं, बारीक झालाय म्हणतात, खाता की नाही म्हणतात. तेव्हा कुठे तुमचं उत्तर आलं. "सांग त्याला, माझ्या वाटचं तोच खातो म्हणावं. पोट बघ म्हणावं स्वतःचं." हे मी कोणत्या तोंडाने सांगायचं? पाहुणा माणूस, सणाचा दिवस. मी म्हटलं, "ताई म्हणतात, तुम्हीही जपा." जगूभाऊ गालात हसले. "तिचं ऐकलं मी. पोटाचं बोलली ती."

दोघांना सगळं ऐकू येत होतं. तरी मी मधे हवी होते.

ते गेल्यावर तुम्ही भांडी विसळता विसळता मला कारण सांगितलंत. तुमची आई गेली त्या दिवशी सकाळी जगूभाऊंचा फोन आला होता. ते म्हणाले, "आईला जरा बरं नाय. सवड झाली की ये." तुम्ही विचारलंत, "काळजीचं नाही ना?" ते म्हणाले, "नाय, नाय. तू सवडीनं ये." तुमच्या वर्गाची त्या दिवशी परीक्षा होती. तुम्ही परीक्षा घेतलीत, बाजारातून मोसंबी घेतलीत आणि संध्याकाळी माकुणसारला पोचलात. अंगणात माणसं उभी होती. तुमच्या हातात मोसंबीची पिशवी.

"त्याला ठाऊक होतं, सुनीता. डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं त्याला. तरी मला म्हणाला, सवडीने ये. आणि वर सगळ्यांसमोर मलाच म्हणतो, तुला कळायला नको? असं कोण सरळ सांगतं का?"

खरं सांगू ताई? त्या वेळी मला जगूभाऊंचंच पटलं होतं. आपल्याकडे कोण सरळ सांगतं? माझे वडील गेले तेव्हा मला फोन आला, "अण्णांचं जरा जास्त आहे, येऊन जा." जास्त आहे म्हणजे गेले, हे मी पहिल्या शब्दाला ओळखलं आणि ओरडून रडले. बाई माणूस एकटी प्रवास करणार, वाटेत काही करून घेईल, म्हणून सगळेच एक पायरी उतरून सांगतात. ऐकणाऱ्याने एक पायरी चढून ऐकायचं. 'सिरियस' म्हटलं की गेला समजायचं, 'जरा बरं नाही' म्हटलं की सिरियस समजायचं. ही रीतच आहे. तुम्ही आयुष्यभर पोरांना शब्दाला शब्द तोलायला शिकवलंत, म्हणून तुम्ही तो फोन जसा आला तसाच घेतलात. मी हे बोलून दाखवलं तर तुम्ही विसळलेला पेला पुन्हा विसळायला घेतलात.

तिथून आपल्या दोघींचा वाद सुरू झाला तो तुमच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत. तुमचं म्हणणं, मधल्याने शब्द बदलले तरी चालतील, वजन बदलता कामा नये. रागाने दिलेला निरोप रागानेच पोचला पाहिजे. माझं म्हणणं, निरोप्या काही दगड नाही. दोन माणसं जोडायची तर थोडा गूळ लावला म्हणून कुठे बिघडतं?

"गुळाचा निरोप वाटेतच मुंग्या खातात," तुम्ही म्हणायच्या. "पोचतो काय मग? नुसता कागद."

"आणि तुमचा तिखटाचा निरोप पोचला की समोरच्याच्या डोळ्यांत पाणी."

"येऊ दे. खरं पोचलं म्हणून आलं ना?"

"अहो पण मग तुम्हीच का नाही बोलत त्यांच्याशी? मला कशाला मधे घेता?"

 तुम्ही म्हणायच्या, "ध चा मा न करणारी एक बाई मिळालीय, तिला सोडू कशी?" आणि विषय तिथंच राहायचा. हिवाळ्यात जगूभाऊ उकडहंडी घेऊन यायचे. वाडीत मडक्यात शेंगा, कंद, वांगी कोंबून जाळावर शिजवलेली, कापडात बांधून आणलेली, अजून कोमट. तुम्ही ती बोटं चाटून खायच्या आणि म्हणायच्या, "सांग त्याला, मीठ कमी पडलंय." ते म्हणायचे, "सांगा तिला, आईच्या हातची आठवत असेल तर ती नाय आता मिळायची." मग दोघंही गप व्हायचात. मी त्या गप्पपणाचं काय करू? तो कुणाला पोचवू?

मग तुमचं दुखणं निघालं. पोटात दुखतंय म्हणत होतात तेव्हा तुम्हाला कोण विचारणार? वर्ग, परीक्षा, तपासायचे पेपर. डॉक्टरांकडे गेलात तोवर उशीर झाला होता. जगूभाऊंना कळवायचं नाही अशी तुमची ताकीद होती. वाडीवर कामाचे दिवस आहेत, उगीच धावपळ, वगैरे. माकुणसारहून वहिनींचा फोन आला तरी तुम्ही माझ्यामार्फत "ॲसिडिटी आहे" असं कळवायच्या. तेव्हा मी म्हटलं होतं, "आता गूळ कोण लावतंय?" तुम्ही हसलात, आणि हसताना पोट धरलंत.

त्या सकाळी दवाखान्यात मी डबा घेऊन आले तर तुम्ही उशीला टेकून बसला होतात. चेहरा शांत होता. मला म्हणालात, "सुनीता, जगूला फोन लाव." मी मोबाइल काढून बाहेर निघाले. तुम्ही म्हणालात, "बाहेर नाही. इथे, माझ्यासमोर. काय सांगतेस ते मला ऐकायचंय."

"काय सांगू?"

"सांग त्याला, मी चाललेय. आत्ताच्या आत्ता ये म्हणावं."

ताई, मी ते कसं बोलले ते मला अजून कळत नाही. पलीकडून जगूभाऊ म्हणाले, "हां, बोला." माझ्या तोंडावर आलं होतं, ताईंना जरा बरं नाही. जिभेच्या शेंड्यावर आलं होतं. आईबापांनी शिकवलेलं, नात्यागोत्यात ऐकलेलं, सगळं तिथं येऊन बसलं होतं. आणि तुम्ही समोरून माझ्या तोंडाकडे बघत होतात. मी म्हटलं, "ताईंनी सांगायला सांगितलंय. मी चाललेय म्हणाल्या. आत्ताच्या आत्ता ये म्हणाल्या."  पलीकडून एवढंच, "आलो." तुम्ही मान हलवलीत, बरोबर उत्तर आलं की हलवायच्या तशी. मी पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर जाऊन भिंतीला धरून रडले.

ते आले ते वाडीतल्या कपड्यांनी. हाताला केळीचा चीक, पायाला चिखल, चपलाही दोन वेगवेगळ्या. दारात उभे राहून माझ्याकडे बघून म्हणाले, "सांगा तिला, मी आलोय."

"सांग त्याला, दिसतंय मला. बस म्हणावं."

मला वाटलं होतं, आता तरी! आता तरी बोलाल एकमेकांशी! मी खुर्ची सोडून बाजूला झाले, खिडकीशी जाऊन उभी राहिले, म्हणजे मधे कुणी उरणार नाही. जगूभाऊ तुमच्या पायाशी बसले आणि पाय दाबायला लागले. तुम्ही डोळे मिटले. बराच वेळ ते पाय दाबत होते आणि तुम्ही दाबून घेत होतात.  मग ते उठले, मला म्हणाले, "शहाळं घेऊन येतो," आणि गेले.

त्यांची पाठ वळल्यावर तुम्ही डोळे उघडलेत.

"सुनीता, त्याला सांग. माफ केलेलं नाही म्हणावं. त्या दिवसाचं मी त्याला माफ केलेलं नाही. आणि असा एक दिवस गेला नाही म्हणावं, की मला त्याची आठवण झाली नाही."

"तुम्हीच सांगा की, ताई. येतीलच आता."

"मी सांगितलं तर तो रडेल. तो रडला की मी सगळं मागे घेईन. मग खोटं होईल." दम लागला होता तुम्हाला. "आणि बघ, दोन्ही सांगायचं. एक सांगून एक गिळायचं नाही."

शहाळं आलं. जगूभाऊंनी चमच्याने पाजलं, तुम्ही थोडं घेतलंत आणि झोपलात. संध्याकाळी उठलाच नाहीत.

"शैलूला घरी नेतो," जगूभाऊ म्हणाले, आणि तुम्हाला माकुणसारला नेलं. तुम्ही ज्या अंगणात मोसंबीची पिशवी घेऊन उभ्या राहिला होतात, तिथंच तुम्हाला ठेवलं होतं. मी त्या अंगणाकडे बघत होते आणि तुमचा निरोप अजून माझ्याजवळच होता. त्या वेळी सांगणं शक्यच नव्हतं. नंतर माणसं यायला लागली. जो तो जगूभाऊंच्या शेजारी बसून तेच सांगायचा. शैला सारखी तुझं नाव काढायची. तुझ्यावर फार जीव होता तिचा. तिच्या मनात काही नव्हतं रे. यातल्या निम्म्या लोकांनी तुम्हाला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. जगूभाऊ प्रत्येकाला "हं" म्हणायचे आणि जमिनीकडे बघायचे.

मला वाटायला लागलं, मी तरी काय वेगळं सांगणार? निरोपाचा दुसरा भाग सांगावा, रोज आठवण काढत होत्या म्हणावं, आणि पहिला भाग माझ्याबरोबर राहू द्यावा. तुम्ही तर गेलात. हा माणूस मागे राहिलाय, वाडीत एकटा उभा राहून केळीच्या खोडांकडे बघतोय. ह्याला 'माफ केलेलं नाही' हे घेऊन उरलेलं आयुष्य काढायला लावायचं? कोणत्या व्याकरणात बसतं हे? मनातल्या मनात मी तुमच्याशी कडाकडा भांडले. आणि तुम्ही उत्तर देत नव्हतात, हेच मला सहन होत नव्हतं. वाद अर्धा टाकून जायची ही कुठली पद्धत?

दहाव्याला सगळं आटोपलं, पाहुणे जेवून उठले. मी निघायच्या तयारीत होते, तर जगूभाऊंनी मला वाडीत बोलावलं. केळीच्या ओळीत उभे होते.

"मी शहाळं घेऊन परत आलो ना, तवा दाराच्या काचेतून बगितलं. ती तुमच्याशी बोलत होती. ओठ हलत होते." त्यांनी केळीच्या खोडाला हात टेकला. "माझ्यासाठी होतं ना ते?"

म्हणजे इतके दिवस ते वाट बघत होते. मी सांगेन म्हणून, आणि विचारायचं धाडस होत नव्हतं म्हणून.

मी सांगितलं, ताई. दोन्ही सांगितलं. तुमच्या क्रमाने, तुमच्या वजनाने. माफ केलेलं नाही म्हणाल्या. त्या दिवसाचं माफ केलेलं नाही. आणि असा एक दिवस गेला नाही म्हणाल्या, की तुमची आठवण झाली नाही. सांगून झाल्यावर मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, हा माणूस आता कोसळणार.

"परत सांगा," ते म्हणाले.

मी परत सांगितलं.

जगूभाऊ खाली मातीत बसले आणि रडले, लहान पोरासारखे. रडता रडता म्हणाले, "ही शैलू. ही आमची शैलू हाय. इतके दिवस लोक येऊन गोड गोड सांगत होते, मला वाटत होतं दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतात. माफ नाय केलं तिनं. नायच करणार, मला ठाऊक हाय. मंग आठवण काढली बोलली, ते पण खरंच असणार ना?"

तेव्हा मला लख्ख कळलं. ताई, मी हरले. पहिलं गिळलं असतं तर त्यांनी दुसऱ्यालाही "हं" म्हटलं असतं आणि जमिनीकडे बघितलं असतं. वाद तुम्ही जिंकलात, घ्या. पण जिंकल्याचं सांगायला तुम्ही हव्या होतात. माझी फजिती बघायला हव्या होतात. मला तुमच्याशिवाय करमत नाही, आणि हे सांगायला मला मधे कुणी नको.

पण थांबा, एवढ्यात जिंकू नका. पुढचं ऐका, त्यासाठीच तर हे लिहायला बसलेय.

डोळे पुसून ते म्हणाले, "आता माझं सांगा तिला."

मी म्हटलं, "जगूभाऊ, आता कसं सांगू?"

"कसं पण सांगा. तुमी मधल्या हाय ना."

"इतकी वर्षं का नाही सांगितलंत? मी होते की."

"हे काय निरोपात सांगायचं हाय? हे तिच्या तोंडाकडं बगून सांगायचं होतं." ते हातातली माती चोळत राहिले. "दवाखान्यात पाय दाबत होतो तवा तेच जुळवत होतो. शहाळं घेऊन आलो की बोलू, म्हटलं."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितेय. तुमच्या दहावीच्या वर्गात उभी राहून लिहितेय असं समजा. एका शब्दाला गूळ लावलेला नाही.

जगूभाऊ म्हणाले, "सांगा तिला, फोन केला तवा आई शुद्धीत होती. माझा हात धरून माझ्याकडं बगत होती. हात सोडत नव्हती. तिच्यासमोर, आई चालली, असं मी कसं बोलू? ती ऐकत होती."

ताई, तुम्ही मला हुकूम केला होतात, म्हणून तुमच्यासमोर तेच शब्द मला बोलता आले. त्यांना आईने हुकूम केला नव्हता. तुमच्याकडे त्या फोनचा शब्द न् शब्द होता, इतकी वर्षं तुम्ही तो तोलत बसलात. त्या खोलीत कोण ऐकत पडलं होतं, ते मात्र तुमच्यापर्यंत पोचलंच नाही. आता तुम्ही माफ करायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी त्यात पडणार नाही. मी मधली बाई.

शेवटी ते उठले, अंगावरची माती झटकली आणि चार पावलं गेल्यावर परत वळले. म्हणाले, "आणि हे पण सांगा. फोन ठेवल्यावर आईनं विचारलं, शैलू निघाली का? मी बोललो, निघाली."